अकरा महिन्यांचे नागरिक

‘घर आमचे, तेव्हा मर्जीही आमचीच’ हे वाक्य ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, विरार इत्यादी उपनगरी गावांतील सुशिक्षित घरमालकांच्या तोंडी आज इतके रुळले आहे की, त्यात काही विचार करण्याजोगे असेल अशी शंकासुद्धा कोणाच्या मनास शिवत नाही. घर देणारा उपकारकर्ता आणि घर मागणारा याचक, अशी या व्यवहाराची मांडणी दोन्ही पक्षांनी मुकाट्याने मान्य केलेली दिसते. घर मागणारा पगारदार असतो, पदवीधर असतो, कर भरतो, मत देतो. तथापि जिना चढून परक्या दारावरची घंटा वाजवताच तो एकाएकी संशयित ठरतो. त्याला आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, स्वयंपाकघरात काय शिजते हे विचारले जाते, आणि या सर्व परीक्षांत तो उत्तीर्ण झालाच तर त्याला अकरा महिन्यांचे अभय मिळते. बाराव्या महिन्यात तो पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो.

ही रीत अन्यायाची आहे, तशीच ती निष्कारणही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जी भीती पुढे करून तिचे समर्थन केले जाते ती भीती कधीकाळी खरी होती. आता ती खरी राहिलेली नाही. प्रथम त्या भीतीचाच विचार करू, कारण प्रतिपक्षाचे जे म्हणणे रास्त आहे ते आधी मान्य केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

मुंबईत भाड्यावर सरकारी नियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, आले. युद्धकाळात जागांची टंचाई झाली, भाडी भरमसाट वाढली, आणि बिऱ्हाडकरूंना संरक्षण देणे सरकारास भाग पडले. दुसऱ्या महायुद्धाने तीच परिस्थिती पुन्हा आणली आणि तिच्यातून १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा जन्मास आला. त्याचा हेतू चांगला होता. त्याचा परिणाम मात्र विपरीत झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानून ते गोठवण्यात आले, आणि ‘तात्पुरता’ म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षे जगला. या अर्धशतकात धान्य, कापड, सिमेंट, गवंड्याची मजुरी, नगरपालिकेचा कर, सर्व काही वाढले. चाळीतल्या खोलीचे भाडे तेवढे जागच्या जागी राहिले. ज्या इमारतीच्या भाड्यातून तिच्या कौलांचीही डागडुजी होणार नाही तिच्यावर मालकाने पदरचे पैसे का खर्चावेत? त्याने खर्चले नाहीत. इमारती खचल्या, आणि नवीन घर बांधून भाड्याने देण्याचा धंदा हळूहळू बंद पडला. भाडेकरूच्या रक्षणाचा कायदा पुढच्या पिढीच्या भाडेकरूच्या मुळावर आला.

त्यातच १९७३ साली आणखी एक घाव बसला. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी मालकांनी ‘भाडेपट्टा’ हा शब्द टाकून ‘परवाना’ हा शब्द वापरण्यास सुरुवात केली होती. सरकारने दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे परवानाधारक म्हणून जागेत राहत होते त्या सर्वांस एका रात्रीत संरक्षित भाडेकरू करून टाकले. विश्वासाने चार-सहा महिन्यांसाठी जागा दिलेल्या मालकाची जागा कायमची गेली. अशा रीतीने ज्याचे तोंड दुधाने पोळले त्याने पुढे ताकही फुंकून प्यावे, याचे नवल वाटावयास नको. घरमालकांच्या गाऱ्हाण्यात तथ्य होते हे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली मान्य केले आणि गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे असा निर्वाळा दिला.

परंतु हा इतिहास येथेच संपत नाही, आणि आमचे घरमालक तो सांगताना नेमके येथेच थांबतात. १९९९ साली महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अंमलात आला. त्याच्या २४ व्या कलमाने परवान्यावर दिलेल्या घराची मुदत संपताच ते परत मिळण्याची सोय केली. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागू नयेत म्हणून निराळे सक्षम अधिकारी नेमले. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागेल असे लिहिले; आणि लेखी करारात जे नमूद असेल तेच निर्णायक पुरावा मानावे, असेही स्पष्ट सांगितले. यापरते मालकाने काय मागावे? ज्या विंचवाच्या भयाने हे दार पंचवीस वर्षे किलकिले ठेवले जात आहे, त्याची नांगी कायद्याने केव्हाच मोडली आहे.

आता या ‘अकरा महिन्यां’चे गौडबंगाल पाहू. बारा नव्हे, दहा नव्हे, अकराच का? आम्ही अनेक सुविद्य गृहस्थांना हा प्रश्न विचारला. ‘तशी पद्धत आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. याचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली. तेव्हा नोंदणीचा खर्च व खटाटोप चुकवण्यासाठी लोकांनी मुदत एक वर्षाच्या आत आणली आणि अकरा महिन्यांचा करार रूढ झाला. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हे कारण कधीच नाहीसे झाले आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वये करार अकरा महिन्यांचा असो वा अकरा दिवसांचा, तो लेखी असलाच पाहिजे आणि नोंदलाही गेलाच पाहिजे. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, होऊ शकतात. म्हणजे नोंदणी चुकवण्यासाठी मुदत तोडली, आणि आता नोंदणी चुकत नाही तरी मुदत तुटलेलीच! परवान्याचा करार साठ महिन्यांपर्यंतही करता येतो. त्यावरील मुद्रांकशुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का इतके अल्प आहे, आणि ते रकमेच्या प्रमाणात असल्यामुळे पाच तुकडे केल्याने एक पैसाही वाचत नाही. उलट नोंदणीची फी मात्र पाच वेळा भरावी लागते. कारण मेले, रूढी उरली. ज्या वर्गाने अंधश्रद्धांवर व्याख्याने दिली त्याच वर्गाने आपल्या दिवाणखान्यात ही एक बाळगली आहे.

या रूढीची किंमत कोण देतो? समजा, महिना पंधरा हजार रुपये भाड्याचे घर आहे. दलाल बहुधा एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतो. दर अकरा महिन्यांनी घर बदलावे लागले तर पंचावन्न महिन्यांत पाच करार आणि पाच दलाल्या, म्हणजे पंचाहत्तर हजार रुपये. तेच घर एका करारावर मिळाले असते तर पंधरा हजारांत काम भागले असते. सामान हलवण्याच्या टेंपोचे पैसे, मोडलेली कपाटे, नव्या गॅसजोडणीची धावाधाव, आणि जुनी अनामत हाती येण्यापूर्वी नवी अनामत भरण्यासाठी केलेली उसनवारी, हे सारे निराळेच. आणि अनामत परत देताना भिंतीच्या रंगाचा ओरखडा, नळाची तोटी, खिळ्याची भोके यांचा जो हिशेब निघतो, तो पाहून एखाद्या निष्णात सावकारानेही तोंडात बोट घालावे!

पैशाचा हिशेब तरी मांडता येतो. जे मांडता येत नाही ते अधिक मोठे आहे. मुलाची शाळा जून महिन्यात सुरू होते. अकरा महिन्यांचे चक्र दरवर्षी एक महिना मागे सरकते. त्यामुळे कधी परीक्षेच्या ऐन तोंडावर, कधी भर पावसाळ्यात, कधी घरातील म्हातारे माणूस अंथरुणास खिळलेले असताना बिऱ्हाड उचलावे लागते. आमच्या परिचयाचे एक तरुण प्राध्यापक आहेत. कल्याणच्या बाजूस त्यांची नेमणूक झाली तेव्हा सत्तर वर्षांची आई आणि तिसरीतील मुलगी त्यांच्याबरोबर होती. तीन वर्षांत त्यांनी तीन घरे बदलली, आणि एकाही घरातून जाण्याचे कारण त्यांच्याकडून भाडे थकले हे नव्हते. एका मालकास भाडे दोन हजारांनी वाढवून देणारा दुसरा मिळाला, आणि दुसऱ्यास ‘फार दिवस एकच माणूस ठेवू नये’ असे कोणी तरी सांगितले होते. त्या मुलीच्या रेशनकार्डावर एक पत्ता, शाळेत दुसरा आणि बँकेत तिसरा आहे. कायद्याच्या भाषेत तिचे वडील भाडेकरूसुद्धा नाहीत. ते परवानाधारक आहेत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची नुसती मुभा. तिच्यापासून त्या जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. सभागृहात चार तास खुर्च्या मांडण्यास जी मुभा मिळते, त्याच जातीची मुभा घेऊन या देशातील सहस्रावधी कुटुंबे संसार थाटून बसली आहेत.

आता आडनावाकडे वळू. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातील आपले शिक्षण आटोपून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. आणि ते कोण आहेत हे कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती वाचून आमचे सुशिक्षित वाचक हळहळतात, ‘काय तो काळ!’ असे उद्गार काढतात. आणि मग संध्याकाळी दलालास दूरध्वनीवरून सांगतात, ‘आमच्याकडे आपल्यातलीच माणसे पाहा, सोसायटीत चालत नाहीत हो बाकीची.’ काठ्या गेल्या, एवढीच काय ती शंभर वर्षांची प्रगती! दलिताला ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळते, मुसलमानाला दलाल जागा दाखवीतच नाही, एकटी राहणारी स्त्री चारित्र्याच्या चौकशीस पात्र ठरते, अविवाहित तरुण जन्मतःच उपद्रवी ठरतो, आणि मासे खाणारा मराठी माणूस खुद्द मुंबई परिसरात ‘आहारामुळे’ नाकारला गेला की मात्र वर्तमानपत्रांत गहजब होतो. त्या गहजबात आम्हीही आवाज मिसळू. पण ज्याने स्वतःच्या दारावर चाळण लावली त्याला दुसऱ्याच्या चाळणीची तक्रार कोणत्या तोंडाने करता येईल?

राज्यघटनेचा आधार येथे मिळेल अशी समजूत असेल तर तीही तपासून पाहावी. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांची नावे आहेत. राहत्या घराचे नाव तेथे नाही. सहकारी गृहसंस्थेस आपले सभासदत्व एकाच समाजापुरते मर्यादित ठेवता येते, असा निकाल पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. गावदेवीस १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढली, तेव्हा अनोळखी शहरात जातभाईंचा आधार घेणे समजण्यासारखे होते. परंतु आधारासाठी बांधलेली भिंत पुढे अडसर झाली तर ती पाडणे हे बांधणाऱ्यांच्या वंशजांचेच काम असते. इंग्लंडात महायुद्धानंतर ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या खिडक्यांतून झळकत. आमच्या देशातून तिकडे गेलेल्या अनेकांनी त्या वाचल्या व तो अपमान गिळला. तेथील पार्लमेंटने १९६८ साली कायदा करून घरभाड्यातील असा वर्णभेद बेकायदा ठरवला. अमेरिकेनेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. परदेशातील ती पाटी आम्हांस रानटी वाटते आणि आपल्या जिन्यातील बिनलेखी पाटी ‘वातावरण जपणे’ वाटते, हा न्याय कोणत्या तर्कशास्त्रात बसतो?

यात गृहसंस्थांच्या समित्यांनी भर घातली आहे. सभासदाने जागा भाड्याने देताना संस्थेस कळवावे, करार व पोलिसांकडील नोंद यांची प्रत द्यावी, एवढीच आदर्श उपविधींची अपेक्षा आहे. पूर्वपरवानगीची अट त्यांत नाही. तरीही कित्येक समित्या ‘ना-हरकत’ देण्यासाठी होतकरू भाडेकरूची मुलाखत घेतात. भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असा आदेश सरकारने १ ऑगस्ट २००१ रोजी काढला. तरी ‘देणगी’ या गोंडस नावाने बिऱ्हाड आत येताना व बाहेर जाताना निराळी पट्टी वसूल करणारे चिटणीस आहेतच. गणपतीच्या वर्गणीस भाडेकरू चालतो. पाण्याच्या टाकीविषयी तो बोलू लागला की ‘तुम्ही भाड्याचे ना?’ असे विचारून त्याचे तोंड बंद केले जाते.

यावर प्रतिपक्षाचा शेवटचा आणि आवडता युक्तिवाद असा : ‘एवढे वाटते तर स्वतःचे घर घ्या.’ घ्यावे कसे? उदाहरणार्थ, साठ लाखांचे घर घेऊ. बारा लाख रोख भरून उरलेले अठ्ठेचाळीस लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्जाऊ काढले तर महिन्याचा हप्ता साडेएकेचाळीस हजारांवर जातो. ज्याला पंधरा हजार भाडे देताना ओढाताण होते त्याला हा उपदेश करणे म्हणजे भाकरी नसेल तर पुरणपोळी खा असे सांगणे होय. शिवाय स्वतःचे घर घेणे हाच प्रत्येकाचा धर्म असावा असेही नाही. नोकरी बदलते, आईवडील आजारी पडतात, मुले दुसऱ्या गावी शिकू लागतात. ज्या समाजात माणसाने हलावे अशी अपेक्षा आहे त्या समाजात सन्मानाने भाड्याने राहण्याची सोय असलीच पाहिजे. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात; तेथील भाडेकरार सामान्यतः बेमुदत असतो आणि अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. म्हणून त्या देशातील घरमालक देशोधडीस लागल्याचे ऐकिवात नाही.

आमच्याकडे उलट चित्र आहे. १९६१ साली शहरांतील सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ साली हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास आले. त्याच २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली, आणि २०१२ साली सरकारी तज्ज्ञ मंडळाने शहरी घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या जवळपास असल्याचे सांगितले. एकीकडे कुलपे, दुसरीकडे बिऱ्हाडे! ही कुलपे धनिकांचीच आहेत असे नव्हे. दुसरे घर ‘गुंतवणूक’ म्हणून घेऊन ते बंद ठेवणारा, किंवा अकरा अकरा महिन्यांच्या घासांनी ते चाखू देणारा मालक आमच्याच वर्गातला आहे. तो हे पृष्ठ वाचीत असण्याचा संभव आहे.

म्हणून आमचे म्हणणे सरकारइतकेच त्यालाही उद्देशून आहे. सरकारने काय करावे हे उघड आहे. केंद्राने २ जून २०२१ रोजी मान्य केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. राज्याने निदान तेवढी मर्यादा घालावी, निवासी कराराची किमान मुदत तीन वर्षे करावी, आणि जात, धर्म, आहार वा वैवाहिक स्थिती या कारणास्तव घर नाकारणे दंडनीय करावे. परंतु कायद्याची वाट पाहण्याचे मालकाला कारण नाही. तीन वर्षांचा करार करण्यास आजही त्याला कोणी अडवीत नाही. दरवर्षी भाडेवाढ किती ते त्याच करारात लिहिता येते. अनामत दोन महिन्यांची घेता येते. दलालास ‘भाडे वेळेवर देणारा पाहा, बाकी काही पाहू नका’ असे सांगता येते. मुदत संपल्यावर घर परत मिळण्याची हमी कायदा देतोच.

‘घर आमचे’ हे आम्हांस मान्य आहे. परंतु साठ लाखांची ती किंमत भिंतींची नव्हे. ती किंमत रेल्वेच्या फलाटामुळे, नगरपालिकेच्या नळामुळे, जवळच्या शाळेमुळे व दवाखान्यामुळे आली. आणि ती रेल्वे, तो नळ, ती शाळा व तो दवाखाना ज्यांच्या करांतून व श्रमांतून चालतो त्यांत ते अकरा महिन्यांचे नागरिकही आहेत. त्या शाळेत तुमच्या मुलास शिकवणारा शिक्षक, त्या दवाखान्यात तुमच्या आईची शुश्रूषा करणारी परिचारिका, ही माणसे रात्री कोठे झोपतात याची चौकशी आपण कधी केली आहे काय? आडनावाची चौकशी करणाऱ्यांनी एकदा तीही करावी.